बिनसाखरेची बरणी

घड्याळजींच्या चिमट्यातून स्क्रू तिसऱ्यांदा निसटला आणि टेबलाखाली गडप झाला.

स्वयंपाकघराच्या दारातून सुनेने ते पाहिलं. सासऱ्यांनी दुकान बंद करून घरातल्या खिडकीशी टेबल मांडलं, त्यालाही आता पाच वर्षं झाली होती. पण मुंगीएवढा स्क्रूसुद्धा त्यांच्या हातून पडलेला तिने कधी पाहिला नव्हता.

"बाबा, बरं वाटत नाहीये का?"

"मला काय धाड भरलीय?" ते म्हणाले. पण जीभ जड झाली होती. डोक्यावर पंखा गरगरत होता, तरी सदऱ्याची कॉलर घामाने चिंब भिजली होती.

तिने साखर तपासायचं यंत्र आणलं, त्यांच्या बोटाला सुई टोचली आणि रक्ताचा थेंब पट्टीवर घेतला. अठ्ठेचाळीस.

तिचा आकड्यावर विश्वासच बसेना. गेले तीन महिने ती चढत्या साखरेला घाबरत आली होती, उतरत्या नव्हे. कालच डॉक्टरांनी इन्सुलिनच्या इंजेक्शनचा डोस वाढवला होता. वर चष्म्यावरून तिच्याकडे बघत विचारलं होतं, "घरात गोड नक्की बंद आहे ना?" घरी आल्यावर नवऱ्यानेही तोंडसुख घेतलं. "एवढा गाजावाजा करून ती पानांची पूड आणलीस. काय उपयोग झाला?" सासरे शेजारीच बसले होते. ते खाली मान घालून गप्प राहिले. त्यांचं ते गप्प राहणं तिला सगळ्यात जास्त लागलं होतं.

पण आता ते आठवत बसायला वेळ नव्हता. साखर उतरली की आधी साखर द्यायची, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं. तिने ग्लासात पाणी ओतलं, ओट्यावरची बरणी ओढली, चार चमचे घालून ढवळलं आणि ग्लास त्यांच्या ओठांना लावला. ते निम्मं प्यायले.

टेबलावर दुरुस्तीची पाच घड्याळं टिकटिकत होती. एकाचंही दुसऱ्याशी जुळत नव्हतं. तिने मधल्या घड्याळावर नजर रोखली. पाच मिनिटं गेली. दहा गेली. सासऱ्यांच्या हाताची थरथर थांबायचं नाव घेईना.

"तुझ्या सासूला हाक मार," ते अचानक म्हणाले. "दुकानाची किल्ली तिच्याकडे आहे."

सासूबाईंना जाऊन आठ वर्षं झाली होती.

ती धावत ओट्याकडे गेली आणि दुसऱ्या ग्लासात भराभर सहा चमचे टाकले. मागून सासरे तोंड वाकडं करत पुटपुटले, "कडू... कडू आहे."

तिने चमचा चाटला. आधी जिभेला झिणझिण्या येतील इतका गोडवा. मग मागाहून येणारा तो कडवटपणा. ती साखर नव्हतीच. तीन महिन्यांपूर्वी तिनेच साखर काढून त्या बरणीत ही पूड भरली होती. झाडाच्या पानांपासून काढलेली, जिभेला गोड आणि रक्ताला काहीच नाही. म्हणून तर आणली होती! बरणी तीच, जागा तीच, आणि सवयीचा हात तिकडेच गेला होता.

तिने फळ्या उपसल्या. गूळ नाही. मध नाही. बिस्किटाचा चुरासुद्धा नाही. सगळं तिनेच डोळ्यांत तेल घालून घराबाहेर काढलं होतं. टोपलीत दोन लिंबं तेवढी होती.

ती अनवाणीच बाहेर पळाली आणि समोरचं दार दोन्ही हातांनी बडवू लागली.

"मावशी, साखर द्या! बाबांची शुगर उतरलीय!"

समोरच्या मावशींनी एक शब्द विचारला नाही. साखरेचा अख्खा डबा उचलून त्या तिच्या पुढे धावल्या. "सकाळी आले नाहीत, तेव्हाच मी चौकशी करायला हवी होती," त्या धापा टाकत म्हणाल्या. सुनेने ते ऐकलं, पण थांबून विचारण्याची ती वेळ नव्हती.

मावशींनी त्यांना टेकवून बसवलं. सुनेने दाट साखरपाणी केलं आणि घोट घोट पाजलं. "गिळा, बाबा. अजून एक घोट. माझ्यासाठी."

पुन्हा तीच वाट बघणं. बासष्ट. मग पंचाऐंशी. मग एकशे चार. घाम सुकला. बोटं थरथरायची थांबली. घड्याळजींनी डोळे चोळले, खोलीभर पाहिलं आणि ते चमकले.

"मावशी? तुम्ही इथे कशा?"

तिचा जीव भांड्यात पडला. ती तिथेच फरशीवर बसली. मग तिला मघाचं वाक्य आठवलं.

"मावशी, सकाळी कुठे आले नाहीत बाबा?"

मावशींनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. घड्याळजींनी हाताने त्यांना गप्प केलं.

"त्यांना नको विचारूस. मी सांगतो. फिरायला म्हणून निघायचो आणि यांच्याकडे बसायचो. तीन महिने, रोज. मोठा कप चहा, तीन चमचे साखर, वर बिस्किटं. डॉक्टरांनी काल इंजेक्शन वाढवलं ते त्याच्यामुळे. तुझी पूड बिचारी निर्दोष आहे."

तिचे डोळे भरून आले. राग आला होता की हायसं वाटलं होतं, तिचं तिलाच कळेना.

"मग आज, इंजेक्शन वाढलं त्याच दिवशी, नेमकं का नाही गेलात?"

घड्याळजींनी मान खाली घातली.

"काल नळ सोडून रडत होतीस, ते ऐकलं मी. म्हटलं, आजपासून पोरीला फसवायचं नाही."