बिबट्याच्या उंचीचा माणूस

पडद्यावर पुन्हा एकदा वनरक्षकच अवतीर्ण झाला, आणि पुन्हा एकदा चारी पायांवर.

बैठकीच्या खोलीत हास्याचा कल्लोळ उसळला. लेखनिकाने तर तोंडात रुमाल कोंबला. वनरक्षक शेवटच्या खुर्चीत, टोपी मांडीवर ठेवून, लाजेने अर्धा झाला होता.

वास्तविक यात त्याचा अपराध तिळमात्र नव्हता. बिबटे दिवसेंदिवस घटत चालल्यामुळे सरकारने टेकडीवरील झाडांना गुडघाभर उंचीवर स्वयंचलित कॅमेरे बांधले होते. समोर काही हलले की आपोआप छायाचित्र निघे. यंत्र चालते की नाही, हे पाहण्यासाठी कुणीतरी बिबट्याच्या उंचीने समोरून रांगत जावे, असा नियम होता. इतर लोक दोन हात टेकल्यासारखे करून उठत. वनरक्षक पडला कामाला देव मानणारा. तो रोज सकाळी प्रत्येक कॅमेऱ्यापुढून, मान खाली घालून, दबकत दबकत, साग्रसंगीत रांगत असे. लेखनिक अधूनमधून टेकडीवर येई आणि त्याच्या मागून रांगत त्याची नक्कल करी.

"अहो, बिबट्या कुठंय?" साहेब कडाडले. "मला तुमच्याशिवाय कुणी दिसेचना!"

"आहे साहेब. मी पंजाचे ठसे पाहिलेत."

"गुडघ्याचे असतील, बिबटेराव," लेखनिक म्हणाला.

वनरक्षकाने हा टोमणाही गिळला. आज एकही बिबट्या दिसला नाही, तर टेकडीचे संरक्षण संपुष्टात येणार होते आणि दगडखाणीचे सुरुंग तिचे पोट फोडणार होते. त्याच्या पत्नीने ज्या टेकडीला 'माझी सवत' असे नाव ठेवले होते, तीच ही टेकडी. त्याचा जीव टांगणीला लागला होता.

छायाचित्रे पुढे सरकत होती. वनरक्षक. वनरक्षक. ससा. वनरक्षक.

"थांबा!" राजधानीहून आलेल्या तज्ज्ञ बाई ताडकन उठल्या. "मागचा फोटो घ्या परत."

पडद्यावर वनरक्षक रांगत होता. त्याच्यामागे दोन हातांच्या अंतरावर, तशीच मान खाली घालून, तसाच दबकत, एक बिबट्या चालला होता. जणू थोरल्याच्या पाठोपाठ धाकटा भाऊ निघाला असावा.

लेखनिकाच्या हातातला रुमाल खाली पडला.

"काय स्वच्छ ठिपके आलेत!" बाई म्हणाल्या. "नर आहे. तुमची टेकडी वाचली."

"उत्तम!" साहेब सावरून बसले. "फक्त फोटोतून या गृहस्थांना तेवढं कापून टाका."

"छे, छे! मग बिबट्याची लांबी कशावरून काढू? हेच तर माझी मोजपट्टी आहेत."

वनरक्षकाच्या डोळ्यांत आनंदाश्रू तरळले. आभार मानण्यासाठी तो उभाही राहिला. परंतु पडद्यावरील ते दोन हातांचे अंतर त्याच्या ध्यानात आले मात्र, तो मटकन खाली बसला.

साहेबांचा आवाज प्रथमच मऊ झाला. "तुम्हाला मागे काहीच जाणवलं नाही?"

"जाणवलं ना साहेब. फुसफुस ऐकू आली. मला वाटलं, हे आमचे लेखनिक भाऊसाहेबच आलेत चेष्टा करायला."

"मग?"

"मग काय, वळूनसुद्धा पाहिलं नाही. म्हटलं, 'लाज नाही वाटत? गपचूप बसा तिथंच!'"

बाईंनी कळ दाबली. पुढचे छायाचित्र आले. कडेला वनरक्षकाचा केवळ एक बूट उरला होता. आणि पायवाटेच्या मधोमध, शेपूट पायांभोवती नीट गुंडाळून, बिबट्या गपचूप बसला होता.