चारच

"किती?" तिने विचारलं.

नवरा पलंगावर उपडा पडला होता. कपाळ गोल उशीवर, नाक जमिनीकडे. डोळ्याच्या पडद्याचं ऑपरेशन होऊन तिसरा दिवस. आत वायूचा बुडबुडा सोडला होता आणि तो पडद्याला टेकून राहावा म्हणून आठ दिवस मान वर करायची नव्हती. दुसरा डोळा लहानपणापासून नावापुरताच, त्याला उजेड आणि अंधार तेवढा कळायचा. जी काही भिस्त होती ती या एका डोळ्यावर.

"चार," तो फरशीकडे तोंड करून म्हणाला.

इस्पितळाने एक कागद दिला होता. दर सहा तासांनी दुखण्याचा आकडा विचारून लिहायचा. शून्य म्हणजे काहीच नाही. दहा म्हणजे आयुष्यात सगळ्यात जास्त जे दुखलं असेल ते. गोळी द्यायची. आकडा पाचाच्या वर गेला तर लगेच फोन करायचा. कालपासून त्या कागदावर चाराखाली चार उतरत होते.

"चार कसला? सकाळपासून दोनदा उलटी झाली. चादर बघा कशी मुठीत धरलीय."

"उपडं पडून पोट दाबलं जातं. उलटी होणारच."

"मी सहा लिहिते."

"खबरदार! डोळा माझा, आकडा माझा. काय लिहिलंस ते वाचून दाखव."

तिने मुकाट्याने चार लिहिला आणि वाचून दाखवला. या माणसाशी आकड्यावरून वाद घालण्यात अर्थ नव्हता. कारखान्यात तो माल तपासायचा आणि सूक्ष्म माप घेणाऱ्या पट्टीवरून सगळे त्याला व्हर्नियर म्हणायचे. केसाएवढा फरक निघाला तरी माल परत. एकदा मालकाच्या मेहुण्याने हातापाया पडून पाहिलं, त्याचाही माल परत गेला. लग्न ठरताना या गृहस्थाने स्वतःची उंची अर्धा सेंटिमीटर कमी सांगितली होती, कारण सकाळी मोजलं की माणूस थोडा जास्त भरतो. तिच्या मैत्रिणी अजून त्यावरून हसतात.

गोळी देऊन ती झाडायला लागली. पहिले दोन दिवस तो नुसत्या झाडूच्या आवाजावरून सांगत होता, "कपाटामागचा कोपरा राहिला." आज तिने कोपरा मुद्दाम सोडला. तो काहीच बोलला नाही. तिने आणखी एक कोपरा सोडला, मग सगळी खोलीच तशी सोडली, झाडू भिंतीला टेकवला आणि उंबऱ्याशी उभी राहून वाट पाहिली. पलंगावरून फक्त दात आवळून घेतलेला श्वास ऐकू येत होता.

 तिने त्याला न विचारता फोन लावला.

इस्पितळात डॉक्टरांनी डोळ्याचा दाब मोजला आणि त्यांचा चेहराच उतरला. बारीक सुईने त्यांनी आतला थोडा वायू काढला, थेंब घातले, हाताला सलाईन लावलं. अर्ध्या तासाने त्याच्या खांद्यांचा ताठा गेला. मग डॉक्टरांनी कागद हातात घेतला.

"हे असं कधीपासून दुखतंय?"

"काल सकाळपासून."

"आणि सगळीकडे चारच?"

"चारच होतं."

"दहा म्हणजे तुम्ही काय धरलंत?"

त्याने डावा हात वर केला. त्याला तीन बोटं होती.

"कारखान्यातल्या प्रेसमध्ये सापडला होता. मशीन खोलून हात सोडवायला पाऊण तास लागला. मी शुद्धीवर होतो. ते दहा. त्या मानाने हे चार. फार तर सव्वाचार म्हणा."

डॉक्टरांनी त्याचा दुसरा डोळा तळव्याने झाकला. त्यांनी टॉर्च लावला. "उजेड दिसला की सांगा."

तिने पाहिलं, उजेड त्याच्या गालावर होता, भुवईवर होता, थेट त्या डोळ्यात होता. तो शहाण्या मुलासारखा वाट बघत होता. डॉक्टरांनी टॉर्च डावीकडून आणला, वरून आणला आणि मग विझवला.

"दाबाने आतली नस गेली," ते म्हणाले. "फोन काल यायला हवा होता."

"पाचाच्या वर गेलं नव्हतं," तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात वाद नव्हता. मोजलं ते सांगितलं, एवढंच.

तिला ओरडावंसं वाटलं. त्याच्यावर, त्या कागदावर, आणि सगळ्यात जास्त स्वतःवर. कारण सहा तिला दिसत होता, आठ दिसत होता, आणि हात मात्र चार लिहीत गेला होता.

डॉक्टर गेल्यावर नर्स आली. तिच्या हातात नवा कोरा कागद होता.

"काका, आता किती दुखतंय? शून्य ते दहामध्ये सांगा."

त्याने नीट विचार केला. मान एका बाजूला कलती करून, आत काहीतरी तपासत असल्यासारखा.

"शून्य," तो म्हणाला. "खरंच. आता काही नाही."

बायकोने नर्सच्या हातून पेन घेतलं. कागद मांडीवर ठेवला आणि पहिल्याच चौकटीत, पेन दाबून, लिहिलं: दहा. 

"काय लिहिलंस?" त्याने विचारलं. "वाचून दाखव."

"शून्य," ती म्हणाली.