नकलेच्या खिडकीवर

“या खिडकीवरून त्या खिडकीवर! आम्ही काय भोवरे आहोत?” कोर्टाच्या रांगेत आई माझ्या कानाशी पुटपुटली. बाबांना शाळेच्या बसवर ड्रायव्हर म्हणून घेणार होते, पण जुन्या खटल्याच्या निकालाची नक्कल दाखवल्यावरच.

“केस नंबर?” खिडकीतल्या बाईंनी विचारलं. तो आम्हाला ठाऊक नव्हता.

“मग आरोपीचं नाव, साल आणि गुन्हा सांगा. शोधते.”

नाव झालं, साल झालं. पुढे आई अडखळली. “ते... ते प्रकरण हो.” आमच्या घरात त्याला एवढंच म्हणतात.

“ताई, इथे सगळी प्रकरणंच आहेत.”

मागे बाकावर बसलेले बाबा उठून आले. “चोरी,” ते रांगेला ऐकू जाईल असं म्हणाले. “मालकाच्या दुकानातली. निर्दोष सुटलोय.” मग आम्हा दोघांकडे वळून हळूच म्हणाले, “तुम्ही कधी विषयच काढला नाहीत. मला वाटलं, तुम्हालाही शंका आहे.”

“अहो, तुम्हाला लागेल म्हणून आम्ही गप्प होतो!” आईने भर रांगेत त्यांचा हात धरला. “तुम्ही चोरी केली नाहीत, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे.”