ठिपक्याचं ताट

भातावरचं झाकण खडखडलं. "काय म्हणली ती कुंभारी गावच्या दवाखान्यातली डॉक्टरीण?" प्रभुलिंगनं विचारलं. महेश्वरीनं मानेवरची टीबीची गाठ पदरानं झाकली. "माझ्या गाठीतले अन् तुमच्या थुंकीतले जंतू एकाच वाणाचे निघाले. गाठीचा रोग कुणाला लागत न्हाय, खोकल्यातनं लागतोय म्हणे." "म्हंजे मी दिला तुला? माहेरचा रोग माझ्यावर ढकलतीस व्हय!" पाच महिन्यांपूर्वी तिची गाठ टीबीची निघाली, तेव्हा त्यानंच लाल नेलपॉलिशचा ठिपका लावून तिचं ताट वेगळं केलं, लेकीला तिच्यापासून ओढून स्वतःच्या कुशीत घेतलं होतं. तेच ताट त्यानं तिच्या कपाळावर हाणलं. खोकत खोकत पुन्हा हाणलं अन् दार आपटून गेला. लेक कोपऱ्यातून आली, फ्रॉकनं आईचं रक्त पुसू लागली. तिची नजर ताटावर गेली. "आई, मी बाबांजवळच झोपते की. मग माझ्या ताटाला ठिपका कधी लावायचा?"