बारा डब्या

"पंधरा दिवसांत एकही डबी वाजली नाही," मेट्रनबाई उभ्याउभ्याच म्हणाल्या. "न्या काढून."

त्यांच्या टेबलामागच्या फळीवर बारा डब्या ओळीने बसवलेल्या. वृद्धाश्रमातल्या बारा आजींच्या कॉटना बारा बिनतारी बटणं. ज्या आजीने बटण दाबावं, तिची डबी इथे कर्र करणार आणि बाई तिच्याकडे जाणार. वर्गातली बाकीची मंडळी मोठमोठ्या ठिकाणी इंटर्नशिपला लागली, तेव्हा टेबलासमोर उभ्या असलेल्या या दोघा विद्यार्थ्यांनी आपली कंपनी काढली. हे कंपनीचं पहिलं काम. दुसरं अजून कुणी दिलं नव्हतं. वस्तू ती बनवायची, बोलायचा तो. म्हणून कॉलेजात त्याला सगळे 'तोंड' म्हणत. आज तोंडालाही बोलणं सुचेना.

तिने स्क्रू ड्रायव्हर काढला. सात नंबरची डबी सोडवली, आणि ती हातात घेऊन बटण काढायला सात नंबरच्या कॉटपाशी गेली.

"वाजत नव्हती का हो, आजी?"

"न वाजायला काय झालंय? पण दाबलं की बाई धावत येणार, काय हवंय म्हणणार. मला तर काहीच नको असतं! उगाच कशाला तिची धावपळ?" आजींनी समोरच्या भिंतीकडे हनुवटी उडवली. "ती दोन नंबरची बघ. दुपारभर घोरते. माझ्या हाकेत जोर नाही, तिच्या कानात दम नाही. तिला उठवणारं काही असेल तर सांग."

हातातली डबी नेऊन तिने दोन नंबरच्या उशाशी ठेवली आणि लांबूनच मान हलवली.

आजींनी बटण दाबलं. कर्र!

"कोण मेलं गं?" दोन नंबरच्या आजी ताडकन उठून बसल्या.

"कुणी नाही! तू आहेस का, ते बघितलं."

दोघी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मग इतर कॉटवरून सुरू झालं. "माझी पाच नंबरकडे लाव." "आणि माझी? मी काय घोडं मारलंय?"

तोंडाला कंठ फुटला. "रांगेत या... म्हणजे पडूनच राहा, आम्हीच येतो!"

तासाभरात फळीवर एकच डबी उरली, बारा नंबरची. खोलीभर नुसतं कर्र कर्र चाललं होतं. बाई काहीतरी म्हणाल्या, पण ते कुणाला ऐकू गेलं नाही.

तिने त्या डबीला स्क्रू ड्रायव्हर लावला, तशी बाईंनी वर हात ठेवला. तिच्या कानाशी वाकून म्हणाल्या, "ही नाही काढायची. एक माझ्याकडे राहू दे."

त्यांच्या हाताखालीच डबी वाजली.

बाई धावल्या. "काय हवंय, आजी?"

"काही नको," बारा नंबरच्या आजी म्हणाल्या आणि पाय आखडून कॉटवर जागा केली. "बस."

बाईंनी एकदा घड्याळाकडे पाहिलं. मग बसल्या.