बावीस आणि एकोणीस

शिट्टी झाली, शर्यत संपली, तरी बांड्या थांबेना.

जू काढताच जोडीतला दुसरा बैल शहाण्यासारखा बांधावरचं गवत हुंगायला लागला. बांड्या मात्र रिकाम्या शेतात एकटाच धावत राहिला. दोन फेऱ्या मारल्या, बांधावर आदळला आणि कुशीवर पडला. पडल्यावरही त्याचे पाय धावतच होते. तोंडाला फेस आला होता आणि बुबुळं वर गेली होती. स्वरूपला खांद्यावर घेऊन नाचणाऱ्या पोरांनी त्याला हळूच खाली उतरवलं.

घाटाखालच्या पोफळीच्या अलीकडच्या या गावात श्रावणात चिखलनांगरणीची स्पर्धा भरते. नांगराला जुंपलेली जोडी भातशेताच्या चिखलातून निशाणाला वळसा घालून परत आणायची, हाकणाऱ्याने नांगर धरून मागे धावायचं. स्वरूपने आज एकोणीस सेकंदांत जोडी परत आणली आणि चोवीस वर्षांपूर्वीचा बावीस सेकंदांचा विक्रम मोडला. तो विक्रम त्याच्या बापाचा, रामाचा होता. रामा पंचांच्या रांगेत मानाच्या खुर्चीवर बसला होता.

या बावीसच्या आकड्यावरून बापलेकांत वर्षभर जुंपलेली असायची. स्वरूप म्हणायचा, तुमच्या वेळी घड्याळ कुठलं, तर ग्रामसेवकाच्या मनगटावरचं, तेही बंद पडलं की झटकून चालू करायचं. रामा म्हणायचा, आमच्या वेळी चिखल मांडीपर्यंत आणि बैल गावठी. तुमचे घाटावरून आणलेले, लांब टांगांचे, आणि शेत पॉवर टिलरने ताकासारखं घुसळलेलं. पण हे सगळं तोंडाने. आपला विक्रम मोडायचाच असेल तर तो आपल्या पोराने मोडावा, असं रामाला मनापासून वाटत होतं. शिट्टी झाली तेव्हा सगळ्यांच्या आधी उठून टाळ्या त्यानेच वाजवल्या होत्या.

गुरांचे डॉक्टर पाहुणे म्हणून आले होते. गळ्यातला हार काढून ते बुटांसकट चिखलात उतरले. बैलाच्या छातीला कान लावला आणि स्वरूपला विचारलं, काय दिलंस?

स्वरूप म्हणाला, पेंड आणि गूळ. पंच शेजारीच उभे होते. डॉक्टर म्हणाले, छाती फुटायला आली आहे याची. काय दिलंस ते कळल्याशिवाय मला औषध देता येणार नाही, आणि वेळ फार थोडा आहे.

स्वरूपने बैलाकडे पाहिलं. मग पंचांकडे. त्याच्या अंगावरचा गुलाल चिखलात ओघळत होता.

"इंजेक्शान दिलंय," तो म्हणाला. "मुंबईसनं आणलेलं. घोड्यांना देतात ते."

गर्दीत कुजबुज झाली. मोठे पंच आत्माराम यांनी लाउडस्पीकर हातात घेतला. त्यांना एवढ्यातही भाषण सुचलं. एकोणीस सेकंद रद्द, असं त्यांनी जाहीर केलं. बावीसचा विक्रम कायम. मग म्हणाले, हल्लीच्या पोरांना सुई लागते. रामाच्या काळात ताकद बैलाच्या अंगात होती आणि माणसाच्या मनगटात. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी मूठभर गुलाल आणून रामाच्या डोक्यावर टाकला.

रामाने तो पुसला नाही. त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

पहाटे, स्वरूप उठायच्या आत, गोठ्यात जाऊन रामानेच बांड्याला हातभट्टीची दारू पाजली होती. जुनी रीत. शर्यतीच्या दिवशी बैलाला दारू पाजायची आणि त्याबद्दल बोलायचं नाही. तिला औषध कुणी म्हणत नव्हतं. बैलाला काही दिलं का, असं विचारलं तर म्हातारी माणसं देवाची शपथ घेऊन नाही म्हणायची, आणि त्यात आपण खोटं बोललो असं त्यांना वाटायचंही नाही. रामालाही आजवर वाटलं नव्हतं.

डॉक्टरांनी सुई भरली.

"हे गुंगीचं औषध आहे," ते म्हणाले. "अंगातलं इंजेक्शन यानेच उतरेल. पण पोटात दारूबिरू असली, तर बैलाचा श्वास बंद पडेल. नीट आठव. दारू पाजली आहेस?"

"नाय," स्वरूप म्हणाला. "आईची शपथ." तो खरंच बोलत होता.

डॉक्टरांनी बैलाच्या मानेवरचा चिखल तळव्याने पुसला आणि शीर चाचपू लागले. आत्माराम अजून बावीस सेकंदांबद्दलच बोलत होते. रामाने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा पोराकडे. गप्प बसलं तर कुणाला काही कळणार नव्हतं. बैल मेला असता, तर तो स्वरूपच्या इंजेक्शनने मेला, असंच सगळे म्हणाले असते.

डॉक्टरांना शीर सापडली. त्यांनी सुई टेकवली.

"थांबा डाक्टर." रामा उठला तशी खुर्ची मागे कलंडली. "दारू हाय त्याच्या पोटात. मी पाजलीय."

आत्माराम बोलता बोलता थांबले. स्वरूप बापाकडे बघतच राहिला. डॉक्टरांनी सुई मागे घेतली, पिशवी ओढली आणि दुसरी बाटली शोधू लागले. वर न बघताच त्यांनी विचारलं, किती पाजलीत?

रामा बांधावरून चिखलात उतरला. बैलाचं डोकं त्याने आपल्या मांडीवर घेतलं.

"बावीस सेकंदाच्या येळेला पाजली होती," तो म्हणाला, "तेवढीच."