ओंजळीतला उजेड

थोरली नात महिन्याची झाली म्हणून जेवण घातलं, त्याच वर्षी धाकट्या भावाने, तोआनने, वडिलांचं घड्याळ माझ्याकडे आणलं. जुन्या घड्याळांच्या काट्यांवरचा, अंधारात चमकण्यासाठी लावलेला लेप खरवडून नवा भरायचा आणि तो जुना दिसेल असा करायचा, हा सायगॉनमधला माझा फावल्या वेळचा छंद. चमकणारी पूड मी वापरत नाही. साध्या रंगात कॉफी कालवतो, कारण इतके जुने काटे अंधारात चमकत नसतात.

काटे भरून झाल्यावर तोआनने घड्याळावर ओंजळ धरून आत डोळा लावला. "दादा, हे चमकतंय की!"

मी पाहिलं. आत काळोख होता. माझ्या बायकोने, न्यानने, पाहिलं. तिलाही काळोखच.

"दोघंही चष्मे बदला," तोआन हसला.

पुढच्या आठवड्यात त्याच्या हृदयाचं ऑपरेशन होतं. तो रोज येऊन पाहायचा आणि उजेड त्याला रोज दिसायचा. मग त्याचं हसणं थांबलं.

ऑपरेशनच्या सकाळी "विझलं एकदाचं," म्हणाला आणि निर्धास्त गेला. ऑपरेशन नीट झालं.

दुपारी घरी आलो. न्यानने सहज घड्याळावर ओंजळ धरली.

"अहो, भाऊजी खरं सांगत होते. किती छान चमकतंय!"

तोआन अजून रोज नदीकाठी चालायला जातो. न्यान ऑपरेशनच्याच महिन्याच्या सत्तावीस तारखेला वारली.